सोनसावरीला काळी माती नको

माझं माहेर आदिलाबादकडचं, डोंगराच्या पायथ्याचं, आणि काय सांगू बाई तुला, थंडी सरत आली की तिथं सोनसावर फुलायची, अंगावर एक पान नाही आणि ही एवढाली पिवळीजर्द फुलं, आम्ही पोरी वेचून केसांत खोवायचो, तर अख्खा कान झाकून जायचा. लग्न होऊन हैदराबादला आले, दिलसुखनगरच्या मागं हे घर झालं, पण ते फूल काही परत दिसलं नाही. माहेरी तरी कुठं राहिलंय, डिंकासाठी खाचा पाडून पाडून झाडंच वाळली, एखाददुसरं उरलंय वर कड्यावर, आणि माझे गुडघे तू बघतेसच, जिना चढून वर तुझ्या भाड्याच्या खोलीपर्यंत येववत नाही, कडा कुठला चढते.

मग भावानं बिया पाठवल्या, कापसात गुंडाळलेल्या, म्हणजे झाडच देतं तो कापूस. दोनच रुजल्या. आता आमचे हे पडले देगलूरकडचे, काळ्या रानातले. त्यांच्या घराण्यात माती म्हणजे काळी, बाकी सगळा मुरूम, रस्त्यावर टाकायचा. म्हणाले, सासरवाडीचं झाड आहे, त्याचा मान ठेवला पाहिजे, आणि गावाकडून पोतं भरून माती आणली की हो यांनी! गौलीगुड्याच्या बसस्टँडला उतरले तर ऑटोवाला म्हणतो, क्या साब, शहर में मिट्टी नै मिलती क्या. हे म्हणाले, ऐसी नै मिलती. अशी ऐट. एक रोप त्यात लावलं, वर रोज बादलीभर पाणी. पावसाळ्यात ती माती जी पाणी धरून बसली, रोपाचं मूळच कुजलं. बिचारे दोन घास कमी जेवले त्या दिवशी. मी म्हणलं, अहो, डोंगरातलं लेकरू ते, त्याला दगडं लागतात.

दुसरं रोप मी फाटकाजवळ लावलं, खाली विटांचे तुकडे, दगडगोटे, मुरूम. यांनी तोंड फिरवलं, असल्या राडारोड्यात गवत तरी उगवेल का म्हणाले. ते उगवलं, चांगलं माझ्या डोक्यावर गेलं.

तेवढ्यात आमच्या संतोषची गाडी ठरली. पोरगा म्हणतो, मम्मी, फाटकाजवळ फरशी करू, गाडी आत लागंल. मी म्हणलं, नक्को. खूप वाद झाला बाई. शेवटी तोच म्हणाला, होळीपर्यंत फुललं तर राहू दे, नाहीतर काढू. मी हो म्हणलं, पण दिवाळीनंतर पानं गळायला लागली आणि संक्रांतीला नुसती काठी उभी. शेजारचा पाशा रोज विचारायचा, क्या अम्मा, लकडी पाल रैं क्या? फरशीवाला माप घेऊन गेला. मी नखानं साल खरवडायची, आत हिरवं दिसलं की बरं वाटायचं, आणि कुणी बघायच्या आत घरात यायची.

आणि मग एका सकाळी मी चहा टाकत होते तर संतोषच ओरडला, मम्मी, बाहेर ये, पळत ये! पळते कसली, भिंत धरत गेले. टोकाला एकच फूल. पिवळं, बाई, तस्संच पिवळं. संतोषनं फोन काढला आणि फरशीवाल्याला म्हणाला, भैया, रैन दो, फरशी नक्को. गाडी बाहेरच उभी असते आता, टपावर फुलं पडतात, तर हा झाडत नाही, तशीच घेऊन ऑफिसला जातो. आणि आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमच्या हातचं झाड आहे. पाशानं तर एक फूल मागून नेलं बायकोसाठी.

तुझ्या घरात कॉलेजात जाणारी तू पहिली, लिहितेस तर हे नीट लिही. आणि या बोंडातल्या बिया घे, तुझ्या आईच्या दारात लाव. तुझ्याही दारात असंच पिवळं होऊ दे. फक्त माती कुठली घालायची ते यांना विचारू नकोस.