पुढचा मागे, मागचा पुढे

नाही, तिथे नका बसू व्याही, त्या डब्यात जळकं तेल आहे — हां, त्या टायरवर टेका. आणि बोलायचं तर मोठ्याने बोला, पोकलेन चालू आहे — नाहीतर बोलूच नका, मीच बोलते. तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. केळशीहून पहाटेची एसटी धरून आलात, तिठ्यावर रिक्षा केलीत, पोरीला फाटकाबाहेर रिक्षातच बसवून ठेवलीत, मांडीवर पिशवी देऊन — आणि आता म्हणणार, यमुनाबाई, ईशाला पदरात घ्या, माहेरी राहिली हे चुकलंच तिचं, लहान म्हणून सोडून द्या. हेच ना? मग झालं, ऐकलं मी. आता वाईच थांबा, हातातलं काम आहे. सागर! ए सागर, बूम वर घे — अजून — अजून घे! बघा, बघा कशी कण्हते. बकेट रिकामी, तरी उचलताना धाप लागते मेलीला. आणि हा तुमचा जावई बघा, मी सांगेन तो दांडा ओढायचा, मी सांगेन तेव्हा सोडायचा. बत्तिसावं पार केलं, पण माझ्या शब्दाबाहेर नाही. आहे केळशीत असा मुलगा?

ही पालीच्या एका खडीवाल्याची. जुनी घेतली, रंग बघून. पडद्यावर एरर येतो, पुढच्या पंपाचं प्रेशर कळत नाही म्हणून. प्रेशर कळेना की मशीन घाबरते, ताकद आखडून घेते. मग त्या शहाण्याने काय केलं? सेन्सर बदलला. पुन्हा एरर — पुन्हा सेन्सर! चांगले तीन फेकले मेल्याने. अंगठ्याएवढी वस्तू ती, आत तेल किती जोर मारतंय एवढंच सांगणं तिचं काम, आणि वाईट सांगितलं की हिलाच उपटा! मी असं करत नाही. पंप दोन असतात, एक पुढचा, एक मागचा, आणि सेन्सर दोघांचे सारखे. पुढचा काढायचा, मागे लावायचा — मागचा पुढे. बस्स. एरर सेन्सरबरोबर मागे गेला, तर सेन्सर नासका, फेका. एरर जागचा हलला नाही, तर सेन्सर बिचारा खरा — दोष त्या जागेत. वायर उंदराने कुरतडलेली, नाहीतर कनेक्टर खाऱ्या वाऱ्याने हिरवा पडलेला, नाहीतर पंपच मेलेला. आत्ताच केली अदलाबदल, मशीन तापली की कळेल. कोणी शिकवलं मला? कोणी नाही. घो माझा तांडेल होता, बोट हाकायचा, दर्याने ठेवून घेतला. म्हावऱ्याची पाटी डोक्यावरून खाली ठेवली आणि बोटीच्या इंजिनात हात घातला, लोक हसले तरी घातला. हायवे रुंद व्हायला लागला तशी बंदर सोडून इथे आले. आज लांज्यापासून चिपळूणपर्यंत जुनी पोकलेन घेणारा आधी मला विचारतो. मशीनचा आवाज ऐकून सांगते मी, आणि माणसाचा तर न ऐकता.

तेव्हा तुमच्या पोरीचं ऐका. फसवलंत तुम्ही मला. मान खाली नका घालू, वर बघा. लग्नात काय बोलत होती! हसायला लागली की मांडव हलायचा, गौरीची गाणी काय, उखाणे काय — म्हणून तर पसंत केली. थोरलीने पोळले होते ना मी. सानवीने हो, माझ्या थोरल्या शुभंकरच्या बायकोने. ती पण आली तेव्हा पोपटासारखी, आणि वर्षाच्या आत भिंत झाली, भिंत! ताट पुढ्यात घेऊन बसायची, घास खाली जाईना. शुभंकरला म्हटलं, बायको नासकी निघाली, पोचवून ये. तर तो मेला स्वतःच तिच्याबरोबर गेला, शेपूट हलवत. गेला तर गेला. मग मी पारखून, ठोकून-वाजवून तुमची आणली. तीच खोली दिली, तीच खाट, तीच चूल. आणि काय? दिवाळीत आली, शिमग्याला मुकी! विचारलं तर हो, नाहीतर नाही. केस गळतात, आमटीत सापडतात. मी आंघोळीला गेले की गुणगुणते म्हणे — शेजारीण सांगते — आणि माझी कडी वाजली की बंद. ही लबाडी नाही तर काय?

मी काय करते तिला? काय करते! चूक झाली तर दाखवते. भात चिकट झाला, तो तिच्या देखत कोंबड्यांना घातला आणि तिला म्हटलं, आज तुझं जेवण त्यांनी जेवलं — शिकायला नको? आईचा फोन आला की स्पीकरवर लाव म्हटलं, माझ्या घरात कुजबुज कशाला? एकदा उलटून बोलली, तर खोलीला बाहेरून कडी घातली, राग उतरेपर्यंत. दुपारभर. उतरला की नाही राग? त्यानंतर एक अक्षर उलट नाही. हा सागर इथेच होता, विचारा त्याला, त्याने एकदा तरी म्हटलं का, आई, उघड?

थांबा — आला! सागर, कुठला दाखवतोय? पुढचा? नीट बघ — पुढचाच? हाः! बघितलंत व्याही? सेन्सर मागे गेला, एरर तिथेच. सांगितलं नव्हतं? मागे लावलेला तो कसा मुकाट्याने नीट काम करतोय बघा. निर्दोष होता मेला! खडीवाल्याला दाखवते आता, म्हणते, तीन निरपराध मारलेस रे —

काय? मोठ्याने बोला. सानवी? ती कशाला मध्ये आता? कशी असणार, मजेत आहे. नाचणे गावात खोली घेतली त्यांनी, डबे करते. बाजारातल्या बायका येऊन सांगतात, सुरमईचा भाव करताना तिचा आवाज जेटीपर्यंत जातो म्हणे. हसते म्हणे, अंगानेही भरली. नाटकी! माझ्याकडे तोंड शिवलेलं, आणि तिथे गेल्याबरोबर —

असे काय बघताय माझ्याकडे?

नाही, नाही व्याही, ते मशीनचं आहे. लोखंडाचं. माणसाला लावायचं नसतं ते. मशीनला आईबापाचं वळण नसतं, माणसाला असतं — नसलं तर तुमच्या पोरीसारखं होतं. उठलात कशाला? बसा, चहा मागवते. बरं, ऐका, ठेवून जा तिला, माहेरी राहिली ते विसरले मी. फोनही लावू दे हवा तिथे. आणखी काय, पाया पडू तुमच्या?

मग न्या! न्या केळशीला, सुकटीबरोबर वाळत घाला! कपाट इथेच राहील, भांडी इथेच राहतील, आणि या फाटकात पुन्हा पाय ठेवायचा नाही. माझ्या सागरला दुसरी मिळेल. तीपण बोलकीच बघेन मी, तीपण त्याच खोलीत —

मशीन का बंद केलीस रे? कोणी सांगितलं? अजून वायर बघायची आहे. सागर, खाली कशाला उतरतोस? तो पाना दे इकडे. इकडे, माझ्या हातात — जमिनीवर काय ठेवतोस! तेलाचे हात ते, रिक्षात कुठे चाललास? सागर. तू त्यांच्याकडे बघू नको, माझ्याकडे बघ. मी बोलतेय ना तुझ्याशी. सागर!

जा. जा मेल्यांनो सगळे. फाटक ओढून घ्या, कुत्री आत येतात.