अठराचा स्टिकर काढणाऱ्याबद्दल

जबाब देणारीचं नाव वर लिहिलं आहे. वय सव्वीस, शिक्षण चौथी. काम पॅकिंगच्या कारखान्यात लेबलं चिकटवणे. राहणार पाण्याच्या टाकीमागची खोली. दोन मुलं. नवरा ट्रकवर असतो.

समक्ष हजर राहून सांगते की, मी दोन रात्री झोपलेले नाही. धाकट्याचा श्वास चालू आहे का ते बघत बसते, म्हणून. सांगण्यात पुढेमागे झालं तर परत विचारा.

परवा मंगळवारी कारखान्याला सुट्टी होती. दुपारी साडेतीनला मी बाहेर नळावर कपडे धूत होते. आत मुलगी, वय आठ, धाकट्याला सांभाळत होती. तो दोन वर्षांचा. रडत होता, मग थांबला. मुलगी दारात येऊन म्हणाली, "आई, झोपवला." मी म्हटलं, "शहाणी गं माझी." आणि दोन चादरी पिळल्या. दोन्ही मोठ्या होत्या.

आत गेले तर तो निळा पडला होता. रिक्षाने दवाखान्यात नेला. वाचला आहे. रडतो, पण आवाज येत नाही.

काल मुलीला विचारलं, कसा झोपवलास? तिने उशीवर करून दाखवलं. मागून गळ्याला हात. म्हणाली, "गेममध्ये असाच माणूस झोपतो. मग बटण सोडायचं." गेमचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. शाळा सुटल्यावर मी कामावरून येईपर्यंत ती तिथे बसायची. मीच बसवत होते. पंखा होता, आणि मालक तिला बेटा म्हणायचा. हेही लिहा.

आज सकाळी दहाला मी दुकानात गेले. फळीवर त्या खेळाची डबी होती. आमच्याच कारखान्यातली. वर उजव्या कोपऱ्यात गोल चिकट डाग. तिथे लाल अठराचा स्टिकर असतो, तो मी लावते. दिवसाला नऊशे डब्या. मालकाने थिनरने फळीवरच्या सगळ्या डब्यांचे काढले होते. आकडा मला वाचता येतो. कशाचा, ते चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, मापाचा असेल. मालकाला विचारलं. म्हणाला, "अठराच्या खालच्यांना देऊ नका म्हणून असतो. दिसला की आया कटकट करतात." मग म्हणाला, "वहिनी, आधी घरचं वळण बघा."

मी कारखान्यात जाऊन स्टिकरचं एक रीळ घेतलं, न विचारता. परत येऊन दुकानातल्या सगळ्या पडद्यांवर, खुर्च्यांवर, काचेवर लावले. शेवटचा मालकाच्या कपाळावर लावला. सरळ लावला. त्याने हात धरला, मी चावले. चार टाके पडले म्हणे. थोडे आहेत.

साहेब म्हणतात, "रागाच्या भरात" असं लिहू. नको. अर्धा तास चालत जाऊन रीळ आणलं, तेवढा वेळ विचारच करत होते.

साहेब असंही म्हणतात की, "बाई, खेळावरचा आकडा म्हणजे सल्ला. मोडला तरी गुन्हा नाही." म्हणून त्याच्यावर काही नाही, माझ्यावर आहे. माझं म्हणणं, स्टिकर तिरका लागला तर मुकादम अख्खा खोका परत उघडायला लावतो, वर चार जणींसमोर बोलतो. लावणारीला एवढी सक्ती, मग काढणाऱ्याला का नाही? त्याने माझ्या मुलीच्या हातात दारूची बाटली दिली असती तर आज इथे तो बसला असता. त्याला बसवा. तसा कायदा नसेल तर करा. तोवर त्याने शटर उघडलं की मी दारात उभी असेन, आणि प्रत्येक आईला सांगेन. तो दुकान विकून जाईपर्यंत.

हवालदारताईंनी हे सगळं सावकाश वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. "पश्चात्ताप होतो" अशी एक ओळ होती, ती खोडायला लावली. ती मी बोलले नव्हते.

खाली माझ्या भावाचा नंबर आहे. हे जो कुणी वाचेल त्याने त्याला फोन करा. धाकट्यापाशी दवाखान्यात शेजारची मावशी आहे, पण मुलगी खोलीत एकटी पलंगाखाली बसली आहे. मामाचं ती ऐकते. त्याला म्हणावं, तिला बाहेर काढ, जेवायला घाल, आणि सांग, पोलीस येऊन आईला घेऊन गेले, आता परत कुणाला न्यायला येणार नाहीत.