खटका वर, खटका खाली

...आणि वर मलाच विचारतात, "काय वायरमन, भाषण कसं झालं?" अहो, कसं झालं काय कसं झालं! माझी तक्रार नाही हं. मी तक्रार करणारा माणूसच नाही. लोक वायरमनकडे तक्रारी घेऊन येतात, वायरमननं कुणाकडे जायचं? पण तुम्हीच सांगा, ऊर्जा आणि पर्यावरणावर मंत्र्यांचं भाषण, तेही भर दुपारी, मग चार खिडक्या उघडल्या असत्या तर काय आभाळ कोसळलं असतं? पण नाही! सगळे पडदे ओढलेले, वर शंभरेक दिवे, आणि एसी किती? चाळीस! लोक काखेत हात घालून कुडकुडताहेत आणि पडद्यावर काय लिहिलंय, तर 'पृथ्वी तापते आहे'!

आता एवढं सगळं चालणार कशावर? सभागृह आणि मागची आमची कॉलनी, दोघांना मिळून ट्रान्सफॉर्मर एक. त्याला काही हा भार पेलवेना. आमचे इंजिनिअरसाहेब म्हणाले, "कॉलनीचा खटका खाली ओढ. अर्धा तास फक्त!"

म्हटलं, "साहेब, घरी बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत."

"माहितीय रे! सिलिंडर आहे ना जोडीला?"

"आहे. तासाभराचा."

"मग? अर्ध्या तासाचं भाषण! उरलेला अर्धा तास नफ्यात!"

तुम्हाला सांगतो, आमच्या बाबांनी त्या कोळशाच्या वीजकेंद्रात तीस वर्षं भट्टी सांभाळली. सगळ्या गावाचे दिवे लावले आणि स्वतःच्या छातीचा कोळसा करून घेतला. आणि मी, त्यांच्या पोटचा पोरगा, त्यांच्याच घराचा खटका खाली ओढला. ओढला, आणि शेवटच्या रांगेत, खटक्यांच्या पेटीला पाठ लावून बसलो. माझी तक्रार नाही. हुकूम म्हणजे हुकूम.

मंत्री उठले. "बंधू-भगिनींनो! मी फक्त दोन शब्द बोलणार आहे!" बरं वाटलं हो मला! पहिला शब्द होता 'वारा'. "वारा! वारा कुणाच्या बापाचा आहे का?" टाळ्या. "सूर्य! सूर्यानं कधी बिल पाठवलंय का?" टाळ्या! वाऱ्यावर वीस मिनिटं, सूर्यावर पंचवीस... मग नदी काढली. नदीवरून बालपणात शिरले. बालपणातून बाहेरच येईनात!

एवढ्यात फोन थरथरला. बाबाच! अर्धं वाक्य, अर्धा श्वास. "काय... म्हणतोय रे? आमच्या छातीबद्दल... काही?"

"अजून नाही बाबा. पण स्वच्छ हवा म्हणाले."

"कुणाची?"

म्हटलं, "बाबा, बोलू नका, श्वास वाचवा." ऊर्जाबचतीचं एवढं एकच वाक्य त्या दिवशी कामाचं झालं, तेही माझ्याच तोंडून.

पुन्हा फोन. या वेळी बायको. "अहो, सिलिंडरचा काटा लालवर आलाय! करा की काहीतरी!" मी वाकत वाकत पहिल्या रांगेत साहेबांपाशी गेलो. "साहेब, पाऊण तास होऊन गेला, कॉलनी चालू करू का?" साहेब हसत हसत, टाळ्या वाजवत वाजवत, दात आवळून म्हणाले, "समारोप चाललाय, गाढवा! जागेवर जा!" मी जागेवर आलो. माझी तक्रार नाही. समारोप खरंच चालला होता. सुटल्यासारखा चालला होता! शेवटचा मुद्दा, मग अगदी शेवटचा, मग 'जाता जाता'... आणि जागचे हलायला तयार नाहीत!

तिसरा फोन. बायको आता ओरडत नव्हती, हळू बोलत होती. "ओठ निळे पडलेत त्यांचे," म्हणाली. बास.

त्यापुढे मी विचार केला असं काही सांगणार नाही. हातानं मला विचारलंच नाही. सभागृहाचा खटका खाली, कॉलनीचा वर! खट, खट! तिकडे मंत्री म्हणत होते, "आपल्या मुलांचं उज्ज्वल भवि—" आणि गुडुप! काळोख! माइक मेला, एसी मेले. फोनवर मात्र मशीनची घरघर ऐकू आली, आणि मी खाली बसलो. तिथेच, जमिनीवर.

अंधारात साहेब चाचपडत आले, माझी कॉलर धरली. "संपलास तू! उद्यापासून घरी बस!" आणि तेवढ्यात व्यासपीठावरून, बिनमाइकचा, मंत्र्यांचा आवाज: "घाबरू नका! हा अंधार आमच्या धोरणाचा भाग आहे!"

काय टाळ्या! अहो, तासभर जे लोक झोपले होते तेही उठून टाळ्या वाजवायला लागले. "या क्षणी वाचलेली वीज कुणाच्या तरी घरात दिवा लावते आहे!" साहेबांचा हात कॉलरवरून सरकत सरकत माझ्या खांद्यावर आला. "शाब्बास," म्हणाले.

मंत्री तिथेच थांबते तर मी देव्हाऱ्यात फोटो लावला असता त्यांचा. पण मंत्र्यांनी विचारलं, "भाषण सुरू झाल्यापासून कुणी वीज सोडली होती?" साहेब ओरडले, "मागच्या कॉलनीनं, साहेब! स्वखुशीनं!" झालं! जागच्या जागी घोषणा! आमची कॉलनी आदर्श ऊर्जात्याग कॉलनी, एक तारखेपासून रोज दुपारी दोन ते चार वीज बंद. आणि खटका ओढायला कोण? हा तुमचा सेवक!

साहेबांना अर्ज दिला, बाबांच्या मशीनसाठी सूट मागितली. म्हणाले, "आदर्शात सूट कसली रे?" दुसऱ्या सिलिंडरचा अर्ज वेगळा, तो वेगळ्या खात्यात, ते खातं दुपारी दोन ते चार उघडं असतं. माझी तक्रार नाही... 

बाबांनी मात्र मनावर घेतलंय. परवापासून घड्याळ समोर ठेवून श्वास रोखायचा सराव करताहेत. काल बावीस सेकंद झाले. मी म्हटलं, "बाबा, सिलिंडर संपल्यावर अख्खा तास काढायचाय!"

तर नळी नीट करत म्हणाले, "अरे, कुठली योजना एकदम पूर्ण होते? टप्प्याटप्प्यानं!"