नकलेतली चूक

नर्सबाई: कोणता गुडघा?

फोरमन: डावा.

नर्सबाई: मघाशी दारातून आत आलात तेव्हा उजवा पाय ओढत होतात.

फोरमन: वेदना स्थलांतर करू शकते.

नर्सबाई: उभा जन्म वॉर्डात काढलाय मी. वेदना स्थलांतर करते, पण बूट कपाटात सरळ रेषेत लावायला उकिडवी बसत नाही. अहो, सहल उद्या संध्याकाळपर्यंत होती. आज शनिवार. काय झालं?

फोरमन: काही झालेलं नाही. शहर पाहून झालं.

नर्सबाई: एवढं मोठं शहर? काल रात्री पोचलात, आज परत?

फोरमन: मी जलद पाहतो.

नर्सबाई: तुम्ही? लग्नानंतर फिरायला गेलो, तेव्हा एका लोखंडी जिन्याचे रिव्हेट बघण्यात अख्खी दुपार घालवलीत. बागेत मी एकटीच जाऊन आले.

फोरमन: ते रिव्हेट तापवून ठोकलेले होते. आता तसे कुणी ठोकत नाही.

नर्सबाई: विषय बदलू नका. वर्गातल्या पोरांशी भांडलात?

फोरमन: भांडण होण्यासाठी समोरच्याने आपल्याला बरोबरीचं मानावं लागतं. सांगतो. पण क्रमाने सांगतो, मध्ये बोलू नकोस.

नर्सबाई: तुम्ही क्रमाने सांगणार म्हणजे मी बसूनच घेते.

फोरमन: प्रथम तिकीटखिडकी. आमच्या अभ्यासक्रमात ज्या चित्रांची चर्चा होते, ती सर्व त्या संग्रहालयात आहेत. मी विद्यार्थ्याचं ओळखपत्र पुढे केलं. खिडकीतल्या बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, "आजोबा, नातवाचं कार्ड चालत नाही."

नर्सबाई: अय्या!

फोरमन: फोटो माझाच आहे हे सिद्ध करण्यासाठी मला टोपी काढून, मान तिरकी करून उभं राहावं लागलं. मागे रांग खोळंबलेली. रांगेत माझे सहाध्यायी. सगळे छताकडे बघत होते, जणू ह्या म्हाताऱ्याशी आपला काडीचा संबंध नाही.

नर्सबाई: बरं, पुढे?

फोरमन: मुख्य दालनावर काचेचं छप्पर आहे. इतक्या रुंदीला मध्ये एकही खांब नाही! भिंतींवर चित्रं होती, हे मला मान्य आहे. पण माझी नजर वर गेली ती गेलीच. मी म्हटलं, "मुलांनो, हा भार कुठे जातो?"

नर्सबाई: झालं.

फोरमन: वर बघत बघत मी समजावत निघालो. कमान, ताण घेणारी सळई, मग भिंत. एका दालनातून दुसऱ्यात. मागून पावलांचा आवाज येत होता, त्यामुळे वाटलं, आज विषय चांगलाच रंगला आहे. शेवटच्या दालनात वळून पाहिलं, तर मागे एक संपूर्ण अनोळखी घोळका. त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "माहिती फार छान देता हं. स्वच्छतागृह कुठल्या बाजूला?"

नर्सबाई: अगं बाई! गाइड समजले तुम्हाला!

फोरमन: वाईट त्याचं नाही. मी त्यांना स्वच्छतागृहापर्यंत नेऊन सोडलं, हे वाईट आहे. वाटेत नळजोडणीवर दोन शब्दही बोललो.

नर्सबाई: आणि पोरं कुठे होती?

फोरमन: उपाहारगृहात. मी दारापाशी पोचलो आणि आतून मला माझाच आवाज ऐकू आला.

नर्सबाई: तुमचाच?

फोरमन: माझाच. माझ्या शेजारच्या बाकावर बसतो तो उंच मुलगा, ज्याला सगळे उंट म्हणतात, तो खुर्चीवर चढून मी झाला होता. बाकीचे टेबलावर डोकी टेकून हसत होते. मी दाराआड उभा राहून सगळं ऐकलं. मग आत जाऊन सांगितलं, गुडघा दुखतोय, मी निघतो.

नर्सबाई: कुणी अडवलं नाही?

फोरमन: उंट माझी पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत सोडायला आला. मी ऐकलंय, हे त्याला ठाऊक नाही. असो. माझं ठरलं आहे. सोमवारी जाऊन कॉलेजातून नाव काढून घेतो.

नर्सबाई: काहीतरीच काय!

फोरमन: निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नाही. परतीच्या बसमध्ये सर्व बाजू तपासल्या. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो आणि सगळा वर्ग उभा राहून "गुड मॉर्निंग सर" म्हणाला, तेव्हाच संकेत ओळखायला हवा होता. तंत्रनिकेतनात आम्हाला शिकवलं होतं, भाग बसत नसेल तर हातोडा उचलू नका. तो भाग दुसऱ्या यंत्राचा आहे असं समजा.

नर्सबाई: भाग म्हणे! कारखाना सुटल्यावर ह्या भागाने घरात काय केलं, विसरलात? माझ्या मसाल्याच्या डब्यांवर क्रमांक टाकलेत. हळद द्या म्हटलं की विचारायचात, "चार-ब का?" तेव्हा मीच हात जोडले, कुठेतरी नाव घाला म्हटलं. आणि आता दोन वर्षं बघतेय. जेवताना चित्रं, झोपताना चित्रं. परवा दूधवाल्याला दारात थांबवून सांगत होतात, सावली काळी नसते म्हणून.

फोरमन: त्याला ते पटलं.

नर्सबाई: त्याला उशीर होत होता. बरं, ते राहू दे. मला दाखवा.

फोरमन: काय?

नर्सबाई: नक्कल. पोराने केली ती.

फोरमन: मी माझीच नक्कल करून दाखवू?

नर्सबाई: तुमची नाही, त्याची. तो तुम्ही झाला होता ना, तसे तुम्ही तो व्हा. उठा. गुडघा एव्हाना बरा झालाय.

फोरमन: हं. तर, तो असा उभा होता. पोट पुढे. वास्तविक एवढं नाही. एक हात पाठीमागे. मान वर. मग थांबला, पुष्कळ वेळ थांबला. मग बोट असं वर करून म्हणाला, "मुऽलांनो... हा भाऽऽर... कुठे जातो?" आणि कुणी तोंड उघडण्याच्या आत, "नाही! आधी विचार करा!"... अगं, काय झालं? रडतेस का?

नर्सबाई: हसतेय हो! अगदी तुम्ही! ते थांबणं तर... अगं आई गं. अहो, इतकं निरखून बघितल्याशिवाय हे जमत नाही कुणाला. आमच्या अण्णांची नक्कल तुम्ही नव्हतात करत?

फोरमन: ते वेगळं. ते समोर बसून दाद द्यायचे.

नर्सबाई: ते नंतर. पहिल्यांदा केलीत ती स्वयंपाकघरात, आम्हा बहिणींपुढे. मागून अण्णा आले आणि तुम्ही पांढरेफटक. काय म्हणाले ते?

फोरमन: म्हणाले, "जावईबापू, खोकला राहिला."

नर्सबाई: बघा.

फोरमन: खोकला खरोखरच राहिला होता.

नर्सबाई: त्या दिवसापर्यंत तुम्ही नुसते जावई होतात. बाहेर सोप्यावर बसायचात, टोकाला. त्यानंतर स्वयंपाकघरात येऊन बसायला लागलात.

(नर्सबाईंचा फोन वाजतो.)

नर्सबाई: तुमचा बंद करून ठेवलाय वाटतं? हॅलो? हो, पोचले रे, सुखरूप आहेत. थांब, स्पीकर लावते.

उंट: काका? गुडघा कसा आहे?

फोरमन: गुडघा स्थिर आहे.

उंट: काका, ते... तुम्ही दारात उभे होतात का? उपाहारगृहाच्या? आत्ता एकजण म्हणाली, काचेत तुमची टोपी दिसली होती. मला खरंच माहीत नव्हतं, शप्पथ. सॉरी काका. मी ना, गाढव आहे.

फोरमन: उंट.

उंट: अं?

फोरमन: प्राणी बदलू नकोस. गोंधळ होतो.

उंट: तुम्ही चिडूनच गेलात ना?

नर्सबाई: बोला की आता.

फोरमन: चिडलो नाही असं म्हटलं तर ते असत्य ठरेल. तथापि, विचारलंच आहेस म्हणून सांगतो. तुझी नक्कल चुकीची होती.

उंट: हो काका, करायलाच नको होती...

फोरमन: पूर्ण ऐकून घे. चुकीची म्हणजे सदोष. तू थेट बोट उचललंस. मी आधी चष्मा कपाळावर सरकवतो आणि मग बोट उचलतो. चष्मा वगळला की त्या थांबण्याला काही आधारच राहत नाही. हा गृहस्थ का थांबला, हे बघणाऱ्याला कळत नाही.

उंट: चष्मा... अरे हो, चष्मा! काका, कधीपासून डोकं खाजवतोय मी, काहीतरी राहतंय, काहीतरी राहतंय!

नर्सबाई: कधीपासून म्हणजे रे?

उंट: म्हणजे... पहिल्या सत्रापासून, काकू. मी प्राध्यापकांच्याही करतो. पण फर्माईश काकांचीच असते.

फोरमन: पोट मात्र तू प्रमाणाबाहेर दाखवलंस.

उंट: पोटाबद्दल, काका, दोन मतं असू शकतात.

नर्सबाई: पोट बरोबर होतं रे.

उंट: काका, परत या ना. उद्या दुपारी तो उचलला जाणारा पूल आहे, बोट आली की वर जातो तो. आता एवढा मोठा पूल गुपचूप वर गेला आणि कुणी कुणाला काही विचारलंच नाही, तर काय मजा? आणि तुमच्या पलंगावर कुणी झोपलेलं नाही. फक्त ओले टॉवेल ठेवलेत.

फोरमन: ते आधी उचला. सकाळच्या पहिल्या बसची चौकशी करावी लागेल. चष्म्याची हालचाल फोनवर शिकवण्यासारखी नाही, हे तर उघडच आहे.

उंट: येताय? काका येताहेत रे! मी स्टँडवर येतो घ्यायला. ठेवतो, काकू!

नर्सबाई: केवढ्याने ओरडतोय. मग, सोमवारी कॉलेजात जाऊन काय करणार?

फोरमन: तास आहेत सोमवारी. पहिला तास मूर्तिकलेचा.

नर्सबाई: अहो, मी पण येऊ का उद्या? पूल वर जाताना मीही कधी पाहिलेला नाही.

फोरमन: तू?

नर्सबाई: लांब उभी राहीन हवं तर.

फोरमन: पुढच्या रविवारी आपण दोघं जाऊ. नक्की जाऊ. उद्या मात्र नको.

नर्सबाई: का बरं?

फोरमन: राग मानू नकोस. उद्या मी मित्रांबरोबर आहे.