शेवटच्या सामन्याच्या संध्याकाळी आलेला फोन

(मे १९९८. फ्रान्सच्या पहिल्या दर्जाच्या फुटबॉल लीगमधली शेवटची संध्याकाळ. उत्तरेतल्या लाँस गावात एदमों हा निवृत्त खाणकामगार स्वयंपाकघरात फोन कानाला लावून बसला आहे. पलीकडे मेस शहरात त्याचा व्याही, म्हणजे सून कोरीनचे वडील, अल्बेर. दोन्ही घरांत रेडिओ चालू आहे. लाँस ओसेरच्या मैदानावर खेळतंय, मेस आपल्या घरी लियोंशी. विजेतेपद ह्या दोघांपैकीच एकाला मिळणार आहे.)

अल्बेर — ...नाही, तुम्ही हार मानायला फोन केला असेल, तर थोडं थांबा म्हणतो मी. आत्ताशी मध्यंतर झालंय.

एदमों — हार कोण मानतंय? ओसेरने एक गोल केला, एवढंच.

अल्बेर — एवढंच. आणि आमचं इथं लियोंशी ठीक चाललंय. हे असंच संपलं तर विजेते आम्ही.

एदमों — आणि आमची नुसती बरोबरी झाली तरी विजेते आम्ही. गोलफरक बघ.

अल्बेर — बघितलाय. आठवडाभर दुसरं काही बघितलेलं नाही.

एदमों — तू मला हे 'अहो-जाहो' कधीपासून करायला लागलास?

अल्बेर — तीन वर्षं झाली. तुमच्या लक्षात आलं नसेल, कारण तीन वर्षांत आपण बोललोच नाही.

एदमों — मार्चमध्ये बोलणार होतो. तुमच्या मैदानात येऊन आमच्या पोरांनी दोन गोल मारले, त्या दिवशी. फोन उचलला होता हातात.

अल्बेर — मग?

एदमों — कोरीनने काढून घेतला. म्हणाली, पप्पांना आज नको, त्यांना जेवण गेलं नसेल.

अल्बेर — गेलं नव्हतंच. कशी आहे ती?

एदमों — बरी आहे. बस चालवतेय अजून, ड्युटी संपत आलीय. रस्ते रिकामे आहेत, येईलच इतक्यात. अल्बेर, ऐक. ती यायच्या आत मला बोलायचंय. म्हणून आत्ता केला फोन. एरवी सामना चालू असताना मी... मी माझ्या आईचाही फोन... थांब जरा.

अल्बेर — तुम्हाला दम लागतोय.

एदमों — लागतो. कोळशाची धूळ आहे, ती काय पेन्शन घेऊन निघून जाते? बोलू दे. ओदील कशी आहे?

अल्बेर — उजवा हात उचलता येत नाही. पाय थोडा वळतो. बोलते, पण सावकाश. डॉक्टर म्हणतात, पक्षाघाताच्या मानाने खूप सुधारली.

एदमों — आणि तिचं सगळं तू करतोस.

अल्बेर — पोलादाच्या भट्टीवर तीस माणसं सांभाळली मी. एक बायको सांभाळता येते.

एदमों — केस कोण विंचरतं तिचे?

अल्बेर — मी.

एदमों — कसे?

अल्बेर — वाईट. हे विचारायला फोन केलात?

एदमों — कोरीनला घेऊन जा.

अल्बेर — काय?

एदमों — तुझी मुलगी आहे. आई तिकडे अशी पडलेली, आणि ही इथे माझी औषधं मोजते, मला धरून स्टेडियमच्या पायऱ्या चढवते. एक रविवार सोडून एक रविवार तुमच्याकडे धावते, आणि सोमवारी पहाटे पुन्हा बसवर. तिचे डोळे बघितलेस का तू? माझा थिएरी असता तर गोष्ट वेगळी. थिएरी नाही. मग ती माझ्या घरात कशासाठी?

अल्बेर — हे तुम्ही म्हणताय. दफनभूमीच्या फाटकाशी तिची बॅग माझ्या गाडीत होती, तेव्हा कुणी उतरवली ती?

एदमों — मी.

अल्बेर — आणि काय म्हणालात?

एदमों — ती इथली आहे, असं म्हणालो. माझा मुलगा त्याच सकाळी मातीत गेला होता, अल्बेर. घरात एक माणूस तरी उरावं असं वाटलं. ते जाऊ दे. आता सांगतोय ना, ने म्हणून.

अल्बेर — आता मला नकोय.

एदमों — मुलगी नकोय?

अल्बेर — अशी नकोय. ओदीलने नजर टाकली की समजतं, तिला मुलगी जवळ हवी आहे. पण मी तिला बोलावलं, तर ती येईल. लगेच येईल. आणि मग आयुष्यभर मला वाटत राहील की आजाऱ्याची सेवा करायला मी तिला एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवली. तुमच्याकडे निदान ती सामन्याला जाते. गाते म्हणे तिथे.

एदमों — गाते कसली, ओरडते. शेजारचे कानांवर हात ठेवतात.

अल्बेर — लहानपणी आमच्याकडे सामन्याला मेसचा डाळिंबी मफलर घालून बसायची, तोंडातून शब्द नाही. तुमच्याकडे येऊन ओरडायला शिकली. तर राहू दे तिला.

एदमों — मी राहू देणार नाही. माझे किती दिवस उरलेत ते मला माहीत नाही. मी गेल्यावर ती एकटी ह्या घरात भिंतींकडे बघत बसणार का?

अल्बेर — आणि मी तिला इथे आणून... थांबा. थांबा, काहीतरी झालं. तुमच्याकडे काय आरडाओरडा चाललाय?

एदमों — गल्लीत आहे. गोल झाला. आमचा. बरोबरी.

अल्बेर — हो. आता माझाही रेडिओ तेच म्हणतोय. कुणी मारला?

एदमों — डाव्या बाजूच्या पोरानं. आमच्याच अकादमीतला. बचावाला उभा राहणारा मुलगा, तो कशाला तिकडे पुढे गेला होता कुणास ठाऊक.

अल्बेर — तुम्ही ओरडला नाहीत.

एदमों — तू फोनवर आहेस म्हणून.

अल्बेर — ओरडा हवं तर. मी लांब धरतो.

एदमों — नको. दम नाही.

अल्बेर — आता वेळ किती आहे?

एदमों — भरपूर. रडायलाही आणि हसायलाही. दार वाजलं. आली वाटतं.

कोरीन — बाबा, ऐकलंत का? पूर्ण रस्ताभर लोक खिडक्यांतून लटकलेत. मी डेपोत बस लावून कोपऱ्यावर वळतेय आणि तेवढ्यात... कुणाशी बोलताय?

एदमों — तुझे पप्पा आहेत.

कोरीन — पप्पा? आईला काय झालं? बाबा, इकडे द्या. पप्पा, आईला काय झालं?

अल्बेर — काही नाही. काही नाही झालं, पोरी. बसलीय खुर्चीत. सूप प्यायली.

कोरीन — नक्की?

अल्बेर — आवाज ऐकवू का? ओदील, कोरीन आहे, बोल. ...हसतेय.

कोरीन — मग तुम्ही दोघं फोनवर कशाला? तुम्ही बोलत नाही एकमेकांशी. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला एकाच टेबलावर बसून मला सांगत होता, त्यांना मीठ हवंय का विचार. मग आज काय झालं?

एदमों — स्पीकर लाव. दोघांना एकदम ऐकू येऊ दे. मी त्याला सांगितलं की तुला घेऊन जा.

कोरीन — कुठे?

एदमों — घरी. मेसला. तुझ्या आईजवळ.

अल्बेर — आणि मी म्हणालो, नको. तिथेच राहू दे तिला. तुमच्याजवळ.

कोरीन — असं. म्हणजे तुम्ही मला तिकडे ढकलताय आणि पप्पा इकडे.

एदमों — ढकलत नाहीये, तुझ्या भल्यासाठी —

कोरीन — मला विचारलंत? दोघांपैकी एकाने तरी? मी काय स्वयंपाकघरातलं कपाट आहे, इथे जागा अडवतंय, तिथे लावून बघू?

अल्बेर — कोरीन, एदमोंचा हेतू चांगला आहे.

कोरीन — तुम्ही त्यांची बाजू घेताय? आज खरंच काहीतरी बिघडलंय.

एदमों — पोरी, बस. टोपी काढ. तू माझ्यासाठी इथे राहिलीस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याचं ओझं होतं माणसाला.

कोरीन — तुमच्यासाठी राहिले, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

एदमों — सांगायला कशाला हवं?

कोरीन — बाबा, मी तुमच्यासाठी राहिले नाही. माफ करा, पण नाही. पहिला महिना तुमच्यासाठी, हे खरं. तुम्ही जेवत नव्हता. पण त्यानंतर मला इथलं आवडायला लागलं. मी सकाळी पहिली बस काढते, तेव्हा बेकरीवाली काच पुसता पुसता हात करते. रविवारी कबुतरांच्या शर्यतींवरून तुमच्या मित्रांची भांडणं होतात, ती मी सोडवते. मेसला मी अल्बेरची मुलगी होते. इथे आधी थिएरीची बायको होते, मग थिएरीची विधवा. आता नुसती कोरीन आहे. नऊ नंबरच्या बसची कोरीन. मला ते हवंय.

अल्बेर — मग तुझ्या आईचं?

कोरीन — आईकडे मी येत राहणारच. आता दर रविवारी येईन. मी एकटी येणार नाही, म्हणजे गाडी चालवून थकायचं नाही.

एदमों — एकटी नाही म्हणजे?

कोरीन — हे मला आज सांगायचं नव्हतं. सामना झाल्यावर, उद्या, परवा कधीतरी. तुम्हाला एकट्याला.

एदमों — सांग.

कोरीन — शेवटची दहा मिनिटं राहिलीत, बाबा. आधी ते ऐका.

एदमों — सांग म्हणतोय ना.

कोरीन — इद्रिस आहे ना, आमच्या डेपोतला मेकॅनिक. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. सप्टेंबरमध्ये.

अल्बेर — हॅलो? आवाज गेला का?

कोरीन — नाही पप्पा. आवाज आहे. बाबांकडे बघतेय मी.

एदमों — रेडिओ बंद कर.

कोरीन — बाबा, लाँस विजेतं व्हायला आलंय. तुमचे वडील वाट बघत गेले, तुम्ही जन्मभर बघताय —

एदमों — बंद कर, पोरी. तू काय म्हणतेस ते मला नीट ऐकू येत नाहीये.

कोरीन — केला.

एदमों — इद्रिस. म्हणजे लाहसेनचा मुलगा?

कोरीन — हो.

एदमों — लाहसेन माझ्या तुकडीत होता. खाणीत पाणी भरलं होतं त्या वर्षी माझ्या मागेच होता तो. पोरगा कसा आहे?

कोरीन — कमी बोलतो. चहात साखर फार घालतो. मला हसतो, पण मी चिडल्यावर नाही, चिडायच्या आधी.

एदमों — थिएरीबद्दल माहीत आहे त्याला?

कोरीन — सगळं. गेल्या ऑलसेंट्सला, मृतांच्या सणाला, थिएरीच्या थडग्यावर फुलं ठेवायला तोच आला होता माझ्याबरोबर. तुम्हाला खोकला होता तेव्हा. शेवाळ त्यानेच घासलं.

एदमों — मला वाटलं तू घासलंस.

कोरीन — तुम्ही म्हणालात, छान केलंस. मला तेव्हाच सांगायचं होतं. धीर झाला नाही. तुम्हाला वाटलं असतं की मी थिएरीला विसरले.

एदमों — मला काय वाटेल हे तू माझ्या आधी ठरवलंस.

कोरीन — तुम्हीसुद्धा तेच केलंत. आत्ता. फोन करून.

एदमों — हं. केलं खरं.

अल्बेर — मी काही बोलू का?

कोरीन — बोला पप्पा.

अल्बेर — तुझ्या आईला हे माहीत होतं?

कोरीन — ईस्टरला सांगितलं तिला. म्हटलं, पप्पांना एवढ्यात नको.

अल्बेर — तरीच. महिनाभर एकटीच हसते आहे. मला वाटलं, मेस जिंकतंय म्हणून.

एदमों — रडू नकोस. अगं, रडतेस काय. इकडे ये. मी चिडलेलो नाही. जरा श्वास घेऊ दे मला, मग नीट सांगतो. थिएरीला तू आवडत होतीस. तू कुठे अडकून पडली असतीस तर त्याला आवडलं नसतं. झालं. हे एवढंच सांगायचं होतं. पोराला रविवारी जेवायला बोलाव.

कोरीन — खरंच?

एदमों — म्हणजे काय. लाहसेनच्या घरची माणसं जेवतात कशी ते मला माहीत आहे. मोठं पातेलं काढ.

अल्बेर — एदमों.

एदमों — काय?

अल्बेर — माझा रेडिओ चालू आहे. तुमचा नाही, म्हणून सांगतो. आमचा सामना संपला, आम्ही जिंकलो. आणि तिकडे ओसेरला आत्ता शिट्टी वाजली. एक-एक. गोलफरकावर. तुझा क्लब विजेता आहे.

एदमों — तू सांगतोयस म्हणजे खरंच असणार.

अल्बेर — रेडिओवर ओरडाओरड चाललीय. तुमच्या गल्लीतही ऐकू येतेय.

कोरीन — बाबा, खिडकी उघडू का?

एदमों — थोडी उघड. अल्बेर, तू बरा आहेस ना?

अल्बेर — विचारू नकोस. उद्या बरा होईन. दुसरे आलो, तेही मेसला कधी झालं नव्हतं. ओदील काहीतरी विचारतेय, थांब. ...ती म्हणतेय, लग्नाला कोरीनचा हात धरून कोण नेणार?

कोरीन — नगरभवनात करणार आहोत, आई. तिथे तसं काही लागत नाही.

अल्बेर — तिला हवंय. ती म्हणतेय, गेल्या खेपेला बापाने नेलं होतं. ह्या वेळी एदमोंने न्यावं.

एदमों — तुझी मुलगी आहे ती, अल्बेर.

अल्बेर — ते मी तीन वर्षं मनात म्हणतोय. ने तू.

एदमों — मला मध्ये दोनदा थांबावं लागेल.

अल्बेर — थांब मग. ओदीलची खुर्ची ढकलत मी मागेच असेन, मलाही बरं पडेल.