पिवळं सलाईन

आमच्या गावच्या डॉक्टरांचं कौतुक मला सांगू नका. सहा महिने मला चार पायऱ्या चढताना धाप लागायची आणि ते दर सोमवारी पिवळं सलाईन लावायचे.

"पण हे होतंय कशानं?"

"आवं, वीकनेस हाय."

"वीकनेस कशानं?"

"अंगात ताकद न्हाई म्हणून."

शेवटी इस्लामपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं, मी रोज घेतलेल्या गोळ्या लिहून ठेवतो ती वही चाळली, मग दुर्बिणीतून पोट पाहिलं.

"गुडघ्याच्या गोळ्यांनी पोटात जखम झालीय. रक्त तिथून जातंय. वर्षभर रोज दोन? कुणी दिल्या?"

गोळ्या आमच्याच डॉक्टरांच्या. परत येऊन त्यांना इस्लामपूरचा सगळा रिपोर्ट वाचून दाखवला.

"बघा," ते सलाईनची बाटली टांगत म्हणाले, "मी पहिल्यापास्नं सांगतोय, वीकनेस हाय!"