करवलीचं पारायण

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा – एक दिवस चुकला तर काय बिघडतं?

काहीच नाही? बरं. मग आज म्हशीची धार काढू नका. का, हसता का? म्हशीला एक दिवस चालत नाही म्हणता! मग चालतं कुणाला? ऐका.

एक गाव होतं. नाव सांगणार नाही, तिथले पाहुणे तुमच्यातच निघायचे आणि माझं जेवण राहायचं. त्या गावात निवृत्तीअण्णा राहायचे. मोठा नेमाचा माणूस! गळ्यात माळ, आणि सप्ताहातल्या पारायणाला दर वर्षी पहिल्या ओळीत.

या अण्णांची लेक ईश्वरी, पाचवीतली. पोरगी हुशार, दिसायला गोड. तिथंच घात झाला! भावकीत लग्न निघालं की नवरीमागं कऱ्हा-दिवा धरून उभी राहायला करवली कोण? ईश्वरी. फोटोत छान दिसते म्हणे. आणि आपल्याकडं लग्न एका दिवसात उरकतं होय? आधी हळद, मग लग्न, मग पूजा, मग गोंधळ, आणि मग 'दमलीय पोरगी, आज निजू द्या'. एवढ्यातनं वेळ उरला तर शाळा!

ईश्वरीला मात्र तालुक्याच्या निवासी शाळेत जायचं होतं. एकदा सहलीला गेली तेव्हा तिथल्या सूक्ष्मदर्शकातनं तिनं कांद्याची साल पाहिली होती. तेव्हापासून घरात कांदा चिरला की साल हिच्या हातात. त्या शाळेची परीक्षा पाचवीतच असते. पास झालं की बारावीपर्यंतची काळजी मिटली.

वर्गाच्या मोहिते बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, अपूर्णांक चाललेत, परीक्षेत तेच येतात, आता घरी ठेवू नका. अण्णांनी चहा पाजला आणि हसून म्हणाले, "एका दिवसानं काय होतं बाई? हुशार आहे, भरून काढील."

भरून काढील! अहो, पोरीचं डोकं म्हणजे काय रांजण आहे, सकाळी राहिला तर संध्याकाळी भरायला?

पुढं सप्ताह बसला. अण्णा पारायणाला बसले, आणि नेमकं मधेच चुलतभाऊ बबनच्या मुलीचं लग्न. सकाळीच बबन गाडी घेऊन दारात. म्हणाला, घरचं कार्य आणि तूच नाहीस, हे बरं दिसतं का? अण्णा म्हणाले, मधे उठलो तर पारायण खंडित होईल. बबन म्हणाला, एका दिवसानं काय होतं?

अण्णा असे तापले म्हणता! "अरे, एक अध्याय सुटला तर पुढचा लागेल कसा? मागचं सगळं वाया गेलं ना! देवाला काय तोंड दाखवू?"

बबननं तो नाद सोडला. म्हणाला, बरं, निदान ईश्वरीला तरी पाठव, करवली पाहिजे. अण्णा लगेच म्हणाले, ने की!

दाराशी ईश्वरी उभी होती. अंगात गणवेश, पाठीला दप्तर. ती हळूच म्हणाली, "अण्णा, परवाचं चुकलं म्हणून मला कालचं आलं नाही. आज गेले नाही तर उद्याचं येणार नाही. मग माझं पण खंडितच होतं ना?"

कशी बोलली! तुम्हाला वाटलं, आता अण्णांचे डोळे उघडले, महाराज पुंडलीक वरदा म्हणणार. छे हो! गाडी दारात उभी होती. गणवेश उतरला, घागरा चढला, पोरगी गेली. देवाला तोंड दाखवायचं तसं भावकीलाही दाखवायचं असतं!

परीक्षा झाली. अपूर्णांकांची सगळी गणितं तिनं कोरी सोडली. निवड झाली नाही. अण्णा बाईंकडं गेले आणि म्हणाले, काही हरकत नाही, पुढच्या वर्षी बसवू.

बाई एवढंच म्हणाल्या, "अण्णा, पाचवी पुन्हा येत नाही."

पुढच्या वर्षी सप्ताह आला. अण्णा बसले, पारायण अखंड झालं. वाचता वाचता त्यांच्या डोळ्यांना धार लागायची. लोक म्हणाले, काय ही भक्ती! भक्ती कसली, मंडळी? पोरीचं आपल्या हातानं मोडलं, हे त्या माणसाला कळलं होतं, आणि आता कळून काही उपयोग नव्हता. ईश्वरी घरीच होती. कांदा चिरायची, आणि साल केरात टाकायची.

असो. अण्णा राहू द्या. आज आपलं काल्याचं कीर्तन. सकाळचे अकरा वाजलेत. वार कोणता? बुधवार. मग माझ्यापुढं हे एवढे गोपाळ कुठनं आले? काय रे, गणवेशातच दिसताय! हंडीला पोरं पाहिजेत म्हणून भरल्या वर्गातनं उठवून आणली कुणी?

अहो सप्ताहाचे अध्यक्ष, खाली काय बघता? माळ तुमच्याही गळ्यात आहे.

उठा रे बाळांनो, पळा शाळेत. हंडी शाळा सुटल्यावर फुटेल. तोवर मी उपाशी बसतो, अध्यक्षही बसतील माझ्याबरोबर.

काय म्हणालात अध्यक्ष? 'महाराज, देवाचं काम आहे, एका दिवसानं...' – मग, थांबलात का? वाक्य पुरं करा. पोरं ऐकतायत.